चारोटीतला रथ

चारोटी नाक्यावर गाडीची वाट बघण्यात माझ्या नोकरीचे किती तास गेले याचा हिशेब मी कधी मांडला नाही. मांडला असता तर वाईट वाटलं असतं. डहाणूहून कासाकडे जाणारी एसटी धरायची, चारोटीला उतरायचं, आणि तिथून महामार्गावर तलासरीच्या दिशेने जे मिळेल त्यात बसायचं. शाळा मराठी माध्यमाची, विषय इंग्रजी. मुलं बहुतेक वारली, घरीही वारलीच बोलणारी. म्हणजे त्यांच्या हिशेबाने मराठी हीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आली. त्याआधी पाचवीला ए-बी-सी-डीची ओळख व्हायची. पहिलीपासून आली खरी, पण आमच्याकडे आठवीतलं पोरही इंग्रजी शब्दाला देवळातल्या मूर्तीसारखा लांबून नमस्कार करायचं. गाभाऱ्यात शिरून हात लावायचा नाही.

हात लावायला लावला तो एका खेळाने. दिलेल्या अक्षरांतून होतील तेवढे इंग्रजी शब्द काढायचे, एवढाच खेळ. मुलं त्यात काय शिकली ते त्यांना विचारा. मी काय शिकले ते सांगते. क्रमांक घातलेत ते फळ्यावर लिहायच्या सवयीने.

१. शब्द आठवू नका, अक्षरं हलवा.

एका दुपारी नाक्यावर तासभर गाडी नव्हती. समोर महामार्गाची हिरवी पाटी, तिच्यावर इंग्रजीत चारोटी. सी-एच-ए-आर-ओ-टी-आय. ही पाटी मी किती वर्षं बघत होते! त्या दिवशी, काही कारण नसताना, मनातल्या मनात शेवटचा आय उचलला आणि आरच्या पुढे ठेवला. चॅरिअट. रथ! सातही अक्षरं संपली, एक उरलं नाही, एक कमी पडलं नाही. समोरून कंटेनर धडधडत गुजरातकडे चालले होते आणि मी एकटीच रस्त्याच्या कडेला हसत उभी.

दुसऱ्या दिवशी वर्गात तीच सात अक्षरं फळ्यावर लिहिली आणि म्हटलं, शब्द काढा. चाळीस डोकी एकदम छताकडे. इंग्रजी शब्द जणू कौलांना लटकलेत. मग मी अक्षरं कागदाच्या तुकड्यांवर लिहून जमिनीवर टाकली. डोकी खाली आली, हात पुढे आले. कोट, चेअर, हेअर, रिच, चॅट, टॉर्च, ॲक्टर. क्वायर कुणाला सापडला नाही, तो मी घातला. नंतर डिक्शनरीत अजून एक सापडला, तोही सातही अक्षरं संपवणारा: हॅरिको, म्हणजे घेवड्याची एक जात. त्याच्या शेवटचा टी उच्चारात नसतोच, म्हणून तो कानाला सापडत नाही, हातालाच सापडतो.

आठवणीतून शब्द काढायचा तर आधी तो शब्द आठवणीत हवा. अक्षरं हलवायला काही लागत नाही.

२. सामान हलकं हवं, पण मोजून हवं.

कागदाचे तुकडे पहिल्या पावसाळ्यात लगदा झाले. मग मुलांनी ढाब्यांवरून बाटल्यांची पत्र्याची झाकणं गोळा केली. त्यावर ऑइल पेंटने अक्षरं. यात माझं काही डोकं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताई वाघांनी तिथे आयुष्य घातलं. माँटेसरीची महागडी साधनं परवडणार नाहीत, तर दगड, बिया, शिंपले, पानं आहेतच, हा धडा या भागात आमच्या आधी कुणीतरी गिरवून ठेवलेला होता. आमच्याकडे शिंपल्यांच्या जागी झाकणं, एवढाच फरक.

पण झाकण गोल. आणि गोल वस्तूला वर-खाली नसतं, हे मला पेंट वाळल्यावर कळलं. एम फिरवला की डब्ल्यू. एन आडवा केला की झेड. पहिल्या दिवशी एका पोराने त्या झेडच्या जोरावर ‘झू’ लावला आणि मी शाबासकीही दिली, वाटीत तर झेड संपले होते! मग प्रत्येक अक्षराच्या पायाशी लाल रेघ मारली. रेघ आपल्याकडे, अक्षर सरळ. लहान लिपी काढायचा विचारही केला होता, पण गोल झाकणावर बी फिरवला की क्यू आणि डी फिरवला की पी, म्हणून मोठ्या लिपीवरच थांबलो.

दुसरी चूक यापेक्षा मोठी. सगळ्या अक्षरांना समान न्याय म्हणून मी प्रत्येकाची चार-चार झाकणं केली. सव्वीस चोक एकशे चार. खेळ चालेचना. कुणाच्या हातात व्ही, क्यू, एक्स, झेड. ते पोर नुसतं बसून. मग स्क्रॅबल या शब्दखेळाबद्दल वाचलं. आल्फ्रेड बट्स नावाचा अमेरिकन वास्तुविशारद, १९३०च्या मंदीत बेकार झालेला. त्याने वर्तमानपत्राची पानं घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून सोंगट्या ठरवल्या. शंभर सोंगट्यांत ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, क्यू आणि झेड फक्त एकेक. जेम्स ब्रुनो याने १९४८ साली स्क्रॅबल हे नाव दिलं. बट्सला समान न्याय परवडला नाही, मला कुठून परवडणार?

मुलांना मात्र तयार उत्तर दिलं नाही. किराणा दुकानातून पुडीला आलेला इंग्रजी पेपराचा चतकोर घेतला, प्रत्येकाला दोन-दोन अक्षरं वाटून दिली आणि मोजायला लावलं. ई वाला मुलगा वैतागला, ‘बाई, हा संपतच नाही.’ झेडवाली मुलगी पाच मिनिटांत हात वर करून मोकळी. त्या दिवशी झाकणांची नवी वाटणी झाली आणि जास्तीचे झेड खरवडून त्यांचे ई केले.

३. आपल्या लिपीत स्वर अंगावर असतो, त्यांच्या लिपीत तो शेजारी बसतो.

‘डहाणूत अक्षरं किती?’ असं विचारलं की मुलं तीन सांगत. ड, हा, णू. बरोबरच आहे! इंग्रजीत ती सहा होतात, हे त्यांना लबाडी वाटे. ड मधला अ आपल्याकडे दिसत नाही, तिकडे तो ए होऊन उघडा बसतो. काना आणि उकार व्यंजनाला चिकटलेले. त्यांना एकट्याने उठून दुसरीकडे जाता येत नाही.

हे समजावायला मी बरेच तास घालवले आणि काही उपयोग झाला नाही. मग एकदा फळ्यावर ‘नवरा’ लिहिलं आणि ‘वानर’ लिहिलं. देवनागरीत यांची अदलाबदल होत नाही. एकाच्या र ला काना, दुसऱ्याच्या व ला. आता हेच दोन शब्द रोमन लिपीत झाकणांनी लावा म्हटलं. एन-ए-व्ही-आर-ए. व्ही-ए-एन-ए-आर. तीच पाच झाकणं. वर्ग दहा मिनिटं हसत होता. एक मुलगी अगदी गंभीरपणे म्हणाली, ‘बाई, हे इंग्रजीवाल्यांना माहीत आहे का?’

त्यानंतर स्वर वेगळा उचलायचा असतो हे कुणाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

४. गाव मोठं म्हणून शब्द जास्त, असं नसतं.

डहाणू म्हणजे आमचं शहर. स्टेशन, प्रांत कचेरी, औष्णिक वीज केंद्र, समुद्र. तलासरी त्यामानाने महामार्गावरचं लहान गाव. पण झाकणं लावून बघा. डी-ए-एच-ए-एन-यू मधून हॅण्ड निघतो, ॲण्ड, हॅड, आणि मग ‘आहा’ म्हणून थांबावं लागतं. याउलट टी-ए-एल-ए-एस-ए-आर-आय: स्टार, रॅट, आर्ट, सॉल्ट, लास्ट, लिस्ट, रेल, सेल, टेल, स्टेअर, लायर, ट्रेल, ट्रायल, ॲटलस. टियारा म्हणजे मुकुट, तोही. आणि साडी! साडीचं इंग्रजी स्पेलिंग गावाच्या नावात शेवटी तसंच्या तसं बसलेलं आहे, एस-ए-आर-आय, काही हलवावंही लागत नाही. तलासरीच्या मुलांना हे कळल्यावर डहाणूहून येणाऱ्या माझ्याकडे ती जरा कीव केल्यासारखी बघू लागली.

कारण साधं आहे. टी, एस, आर, एल ही माणसांत मिसळणारी अक्षरं; कुणाच्याही शेजारी बसतात. डहाणूकडे डी, एच आणि एन, त्यात एच जरा तुसडा. मी डहाणूची बाजू घेऊन रेल्वेच्या पाटीवरचं पूर्ण नाव मागितलं, डहाणू रोड. चार अक्षरं वाढली आणि राउंड, अराउंड, हाउंड, होर्ड, ॲडॉर्न असे धडाधड निघाले. तलासरीवाले म्हणाले, ही चीटिंग आहे. होतीच.

तलासरीतला एक लांब शब्द मात्र आम्हाला वर्गात कधी मिळाला नाही. निवृत्त झाल्यावर एका रात्री फोनवर शोधताना सापडला: टॅलेरिया. गावाच्या नावातला एस काढा, उरलेली सात अक्षरं. पाश्चात्त्य पुराणात हर्मीस नावाचा देवांचा निरोप्या आहे, रोमन लोक त्याला मर्क्युरी म्हणतात. त्याच्या पायांतल्या पंख असलेल्या चपला म्हणजे टॅलेरिया. माझी मुलं त्या गावात निम्मं वर्ष अनवाणी चालत शाळेत यायची. रात्री साडेअकराला हे कुणाला सांगायचं, म्हणून फोन ठेवून झोपले. झोप काही लागली नाही.

५. आपल्याकडे एचा सुकाळ, ईचा दुष्काळ.

इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारं अक्षर ई. आता आमच्याकडची पाट्यांवरची नावं घ्या: डहाणू, तलासरी, चारोटी, कासा, बोर्डी, घोलवड, गंजाड, दापचरी, उधवा, झरी. एकातही ई नाही. आपल्या प्रत्येक लपलेल्या अ पायी तिथे एक ए येऊन बसतो, आणि ई मिळायला नावात मात्रा असावी लागते. ती होती ती ठाण्यात. टी-एच-ए-एन-ई: हीट, हेट, नीट, देन, दॅन, टेन, टी, हेन, हॅट. पाच अक्षरांत केवढी बरकत! १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा होऊन आमचा पालघर जिल्हा झाला, सगळ्यांनी पेढे वाटले. कचेरी जवळ आली हे चांगलंच. पण ई गेला तो गेला. पालघरमधून नाव घेण्यासारखे म्हणजे ग्राफ आणि हार्प.

ई नसला की चांगला स्पेलिंगवालाही अडखळतो, म्हणून सुरुवातीला मुलांना आपल्या गावाचं नाव देऊ नये, असं मला नंतर वाटायला लागलं. आणि तरी मी नेहमी गावाचंच नाव दिलं. घोलवडच्या पोराला स्वतःच्या गावात गोल्ड, गोल, ग्लॅड आणि ओव्हल सापडले की जो चेहरा होतो, तो ईच्या जोरावर ‘टेबल’मधून शब्द काढून होत नाही.

६. आधी जोड्या लावा.

सीपुढे एच, एसपुढे टी, टीपुढे आर, टीपुढे एच. अशा जोड्या आधी बाजूला काढल्या की निम्मं काम झालं. चारोटीत सी आणि एच शेजारीच आहेत, म्हणून तिथे चेअर आणि चॅट पटकन दिसतात. टॉर्चसाठी तीच जोडी उचलून शेवटी न्यावी लागते, म्हणून तो उशिरा. शेवटी एस लावून अनेकवचन केलं तर आमच्याकडे गुण नाही. स्क्रॅबलवाल्यांनीही एस चारच ठेवलेत, ते उगाच नाही.

७. मिळालं तेवढंच वापरायचं.

बोर्डीतून बर्ड चालेल, ‘डोअर’ नाही. ओ एकच आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला ‘यातून कोणता शब्द तयार होणार नाही’ असा प्रश्न असतो, त्यात पोरं इथेच पडतात. झाकणं हातात असली तर हा नियम शिकवावाच लागत नाही, कारण दुसरा ओ आणायचा कुठून?

८. पंचाने डिक्शनरी वरच्या फडताळात ठेवू नये.

हा अनुभव माझ्या चुकीचा आहे. कोसबाडची अक्षरं होती, के-ओ-एस-बी-ए-डी. ओक, सोक, आस्क, बॅड, सॅड झाले. कुणीतरी सोडा काढला, टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतला एक मुलगा, जो आठवडाभर तोंड उघडत नसे, पुढे आला आणि सोड्याचीच चार झाकणं फिरवून ठेवली. डोसा. वर्ग हसला. मीही हसले, आणि म्हटलं, ‘हा इंग्रजी शब्द नाही रे, हे आपलं खाणं.’ तो गेला जागेवर.

शाळेतल्या जुन्या, कव्हर गेलेल्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीत डोसा नव्हता, आणि मी तेवढ्यावर निकाल दिला होता. पुढे काही महिन्यांनी डहाणूला एका ओळखीच्यांकडे ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी चाळायला मिळाली. सहज बघितलं. डी, ओ, एस, ए. होता. साडी आहे, तर डोसा का नसेल, एवढं साधं मला सुचू नये?

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की त्या दिवशी मी चुकले, डोसा बरोबर, दोन गुण. तो म्हणाला, ‘असू दे, बाई.’ त्याला गुण नको होते. त्याला त्या दिवशी हसायचं होतं, सगळ्यांबरोबर, आपण केलेल्या गमतीवर, आणि ते मी होऊ दिलं नव्हतं.

त्यानंतर नियम केला: नाही म्हणायच्या आधी दोन डिक्शनऱ्या. आणि डिक्शनरी बाकावर.

९. ढीग लावून ठेवला की शब्द आपणहून सापडतात.

जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठ्यासारखा कागद फार कामाचा. त्याचे पत्ते कापले. प्रत्येक शब्दाची अक्षरं ए-बी-सी-डीच्या क्रमाने लावून वर लिहायची, शब्द खाली. रॅट, टार आणि आर्ट तिघांचा मथळा एकच: ए-आर-टी. ईट, टी, एट या तिघांचा ए-ई-टी. रथ, घेवडा आणि चारोटी नाका यांचाही एकच: ए-सी-एच-आय-ओ-आर-टी. पत्ते बुटाच्या खोक्यात मथळ्याप्रमाणे उभे. नवी अक्षरं आली की ती क्रमाने लावायची आणि खोक्यात बघायचं. नाही मिळालं तर एकेक अक्षर वगळून पुन्हा बघायचं. फोनवरची शब्द शोधून देणारी साधनंही मुळात असंच काहीसं करतात, फक्त त्यांना बुटाचं खोकं लागत नाही.

एकदा तपासणीला आलेले साहेब हे पत्ते आणि झाकणं बघून म्हणाले, ‘जुगार शिकवताय का?’ मी काही बोलले नाही. त्यांना कासाची अक्षरं दिली, के-ए-एस-ए. बराच वेळ बघत बसले. मागून एक चिमुरडी हळूच म्हणाली, ‘आस्क, सर.’ साहेबांना वाटलं तिला काहीतरी विचारायचं आहे.

१०. झाकणं जमिनीवर ठेवा.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. फेब्रुवारी २०१९ मधल्या एका धक्क्याची नोंद ४.१ होती. लोक घरं असून तंबूत झोपत, थंडीत. वर्ग मैदानात भरू लागले. बाकावरची झाकणं आम्ही एका पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवत असू. एका सकाळी ट्रे बारीक खुळखुळला. पायांना काही कळलं नव्हतं. एक मुलगी बोलता बोलता गप्प झाली, ट्रेकडे बघितलं आणि म्हणाली, ‘आला.’ मग जमीन हलली.

पुढे काही दिवस मुलं धड्यापेक्षा ट्रेकडे जास्त बघत. खुळखुळ ऐकायला कान टवकारलेले, मग कसलं इंग्रजी? मी ट्रे बंद केला आणि झाकणं थेट मातीवर ओतली. मातीवर ती वाजत नाहीत. ‘अर्थ’ची अक्षरं काढली, ई-ए-आर-टी-एच. इअर, हिअर, हार्ट, हीट, रेट, टी, ईट, हॅट. त्यांनीच म्हटलं, बाई, इथे ई आहे! दुष्काळात पाऊस पडल्यासारखे शब्द निघाले. दुपारपर्यंत मातीत बोटांच्या रेघाच रेघा.

११. निवृत्ती लागत नाही.

झाकणं शाळेत ठेवून आले. बरीच गंजली होती. आता जुनी मुलं फोनवर भेटतात. तलासरीकडची कितीतरी पोरं उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत आहेत. डोसावाला वापीत आहे. पाळी संपली की कधीकधी एखादी पाटी पाठवतो. परवा पाठवलं: ‘बाई, वापीत काहीच नाही. चार अक्षरं, आणि फक्त व्हाया.’

मी लिहिलं, बरोबर आहे, सगळे वापीमार्गेच जातात.

थोड्या वेळाने पुन्हा आलं: ‘पाव चालेल का? पी-ए-व्ही.’

दोन डिक्शनऱ्या बघायला हव्यात. एक बाकावर आहे, म्हणजे आता जेवणाच्या टेबलावर, तिच्यात नाही. दुसरी अजून बघितली नाही. उत्तर दिलेलं नाही.